अमेरिकेचं दार अर्धं लोटलंय, मग इंजिनिअरिंगच्या पोरांनी 'ग्लोबल' व्हायचं कसं?

२० सप्टेंबर २०२५, शनिवार. घटस्थापना दोन दिवसांवर आली होती. पण ज्या घरातलं पोरगं किंवा पोरगी अमेरिकेत आहे किंवा जायच्या तयारीत आहे, त्या घरांत सकाळपासून वेगळाच विषय सुरू होता. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी आदल्या दिवशी एका आदेशावर सही केली होती आणि एच-१बी व्हिसाच्या अर्जासाठी १ लाख डॉलर फी लावली होती. त्या वेळच्या दरानं सुमारे ८८ लाख रुपये.

पहिले काही तास तर नुसता गोंधळ. फी दरवर्षी भरायची की एकदाच? जुन्या व्हिसाधारकांनाही लागू की फक्त नव्यांना? सुट्टीवर भारतात आलेल्यांनी मिळेल ते विमान पकडून परतायची धडपड केली. मग व्हाइट हाउसनं खुलासा केला की फी एकदाच आहे आणि नव्या अर्जांनाच आहे. ऑक्टोबरमध्ये आणखी एक खुलासा आला. जे विद्यार्थी अमेरिकेतच शिकतायत आणि तिथूनच एच-१बीवर जातायत, त्यांच्यासाठी ही फी लागू नाही.

म्हणजे दार बंद झालेलं नाही. पण अर्धं लोटलं गेलंय, हे मात्र खरं.

याच निमित्तानं एक जुना प्रश्न नव्यानं पुढे आला. इंजिनिअरिंगला प्रवेश घेतल्यापासून 'ग्लोबल एक्सपोजर' हा शब्द मुलांच्या कानावर पडत असतो. कॉलेजच्या माहितीपत्रकात असतो, क्लासच्या होर्डिंगवर असतो, इंडक्शनच्या भाषणात तर हमखास असतो. बहुतेक घरांत त्याचा अर्थ एकच लावला गेला, एमएस करायला अमेरिकेला जाणं. आता तो रस्ता अरुंद होत असेल, तर इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याचा ग्लोबल दृष्टिकोनही संपला का? की ती गोष्ट मुळातच वेगळी होती?

आधी आकडे काय सांगतात?

२०२३-२४ या वर्षात अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. बऱ्याच वर्षांनी भारतानं चीनला मागे टाकून पहिला नंबर घेतला. २०२४-२५ मध्ये हा आकडा ३,६३,०१९ वर गेला. वरवर पाहिलं तर सगळं छान चाललंय.

पण त्याच आकड्यांच्या आत डोकावलं की दुसरं चित्र दिसतं. वाढ झाली ती मुख्यतः शिक्षण संपवून तिथे कामाचा अनुभव घेणाऱ्यांमध्ये. एमएस, पीएचडीसारख्या अभ्यासक्रमांत शिकणाऱ्या भारतीयांची संख्या मात्र सुमारे साडेनऊ टक्क्यांनी घटली. म्हणजे आधी गेलेले अजून तिथेच आहेत, नवे जाणारे कमी होतायत.

त्यात २०२५ च्या मे महिन्याच्या शेवटी अमेरिकेनं विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबवल्या. जूनमध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या, पण सोशल मीडिया खाती 'पब्लिक' ठेवायची अट घालून.

घरातलं गणित साधारण असं असतं. शिक्षणकर्ज काढायचं. दीड-दोन वर्षांत एमएस करायचं. मग ओपीटी नावाच्या सवलतीत १२ महिने आणि विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना वाढीव २४ महिने, असं तीन वर्षं काम करायचं. तेवढ्यात एच-१बीच्या लॉटरीत नंबर लागला तर ठीक. या लॉटरीत वर्षाला ६५,००० अधिक २०,००० एवढ्याच जागा असतात. मंजूर होणाऱ्या एच-१बी व्हिसांपैकी दहातले सात भारतीयांचे असतात.

डिसेंबर २०२५ मध्ये यात आणखी एक बदल जाहीर झाला. लॉटरीत जास्त पगाराच्या नोकऱ्यांना झुकतं माप मिळणार. नुकतंच शिक्षण संपवलेल्या, कमी पगारावर सुरुवात करणाऱ्या पोरांसाठी ही बातमी फीपेक्षाही जास्त महत्त्वाची आहे.

'ग्लोबल' म्हणजे 'फॉरेन' हे समीकरण आलं कुठून?

गंमत म्हणजे महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंगचा इतिहास पाहिला तर हे समीकरण जुनं नाही.

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे नाव सगळ्यांना माहीत असतं, कारण १५ सप्टेंबरला त्यांच्या नावानं अभियंता दिन साजरा होतो. ते १८८३ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून, म्हणजे आजच्या सीओईपीमधून, इंजिनिअर झाले. पुढे मुंबई प्रांताच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला लागले. १८९८ मध्ये त्यांनी जपानचा दौरा केला. एक मागास समजला जाणारा आशियाई देश उद्योगात एवढा पुढे कसा गेला, हे त्यांना पाहायचं होतं. १९०३ मध्ये त्यांनी तयार केलेले स्वयंचलित दरवाजे खडकवासला धरणावर बसले. १९०६ मध्ये एडनच्या पाणीपुरवठ्याचा प्रश्न सोडवायला त्यांना तिथे पाठवण्यात आलं.

जपान, खडकवासला, एडन. या तिन्ही ठिकाणी माणूस तोच होता आणि पाहायची पद्धतही तीच होती. दुसऱ्यांनी काय केलंय ते बघायचं, आपल्याकडची जमीन, पाऊस, पैसा आणि माणसं वेगळी आहेत हे लक्षात ठेवायचं आणि मग उत्तर काढायचं.

दुसरं उदाहरण पवईचं. आयआयटी बॉम्बे १९५८ मध्ये सुरू झाली ती युनेस्कोच्या माध्यमातून आलेल्या सोव्हिएत मदतीवर. यंत्रं तिकडची होती, तज्ज्ञही तिकडचे होते. मद्रासच्या आयआयटीला पश्चिम जर्मनीनं हात दिला, कानपूरला अमेरिकेनं. म्हणजे तेव्हा विद्यार्थी जगाकडे जाण्याआधी जगच कॅम्पसमध्ये आलं होतं.

पुढे दिशा बदलली. सत्तरच्या दशकानंतर आयआयटीतून अमेरिकेला जाणाऱ्यांची रांग लागली, नव्वदीनंतर आयटी कंपन्यांमुळे ती रांग तालुक्याच्या गावापर्यंत पोचली. 'ऑनसाइट' हा शब्द लग्नाच्या बायोडाटात आला. आणि बघता बघता 'जगाकडे पाहणं' आणि 'जगात राहायला जाणं' या दोन गोष्टी एकच होऊन बसल्या.

त्या एक नाहीत, हे समजून घ्यायला एका डिझेल गाडीची गोष्ट उपयोगी पडते.

एक डिझेल गाडी, तीन विद्यार्थी आणि फोक्सवॅगनचा घोटाळा

साल २०१३. अमेरिकेतली वेस्ट व्हर्जिनिया युनिव्हर्सिटी. एमआयटी किंवा स्टॅनफर्डइतकं हे नाव कोणी घेत नाही. तिथल्या एका लॅबमध्ये वाहनांच्या धुराची तपासणी व्हायची. आयसीसीटी नावाच्या संस्थेनं या लॅबला एक छोटं काम दिलं.

काम असं होतं. युरोपात डिझेल गाड्या रस्त्यावर कागदावरच्या मर्यादेपेक्षा जास्त धूर सोडतात, हे दिसून आलं होतं. अमेरिकेचे नियम जास्त कडक. मग त्याच कंपन्यांच्या अमेरिकेतल्या गाड्या रस्त्यावर तपासल्या तर त्या स्वच्छ निघतील, आणि 'बघा, तिकडे जमतं तर इकडे का नाही' असं युरोपला सांगता येईल. थोडक्यात, दोन खंडांची तुलना.

डॅनियल कार्डर यांच्या टीममध्ये हे काम केलं ते अरविंद तिरुवेंगडम, हेमंत कप्पन्ना आणि मार्क बेश यांनी. पहिले दोघं भारतातून शिकायला गेलेले, तिसरा स्वित्झर्लंडचा. त्यांनी गाडीच्या डिकीत तपासणीची यंत्रं आणि जनरेटर ठेवला आणि गाड्या खऱ्या रस्त्यावर चालवल्या. लॉस एंजेलिसपासून सिएटलपर्यंत.

निकाल उलटाच आला. फोक्सवॅगनची जेटा मर्यादेच्या १५ ते ३५ पट नायट्रोजन ऑक्साइड सोडत होती. पसाट ५ ते २० पट. सोबत तपासलेली बीएमडब्ल्यू मात्र बहुतेक वेळा मर्यादेत होती. त्याच गाड्या लॅबमध्ये रोलरवर चालवल्या की सगळं नियमात.

पोरांना आधी वाटलं, आपलीच यंत्रं चुकली असतील. पुन्हा पुन्हा तपासलं. आकडे तेच. २०१४ मध्ये त्यांनी अहवाल मांडला, अमेरिकेच्या पर्यावरण यंत्रणेनं पाठपुरावा केला आणि १८ सप्टेंबर २०१५ रोजी फोक्सवॅगनवर नोटीस निघाली. गाडीच्या सॉफ्टवेअरला 'आपली तपासणी चालू आहे' हे ओळखता येत होतं. तेवढ्यापुरतं ते धूर कमी करायचं. कंपनीनं मान्य केलं की जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या आहेत. या प्रकरणाचा खर्च पुढे ३० अब्ज युरोंच्या पलीकडे गेला.

आणि मग पुण्याची टेकडी

हे प्रकरण अमेरिका-जर्मनीचं वाटत असलं, तरी ते पुण्यात येऊन पोचलंच. फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला. आणि वाहनांची तपासणी करणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यात, ज्या टेकडीला पुणेकर 'एआरएआयची टेकडी' म्हणतात तिथे. भारतातल्या गाड्या तपासण्याचं काम याच संस्थेकडे आलं. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीनं भारतातल्या सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या परत बोलावून दुरुस्त करायचं जाहीर केलं.

मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं कंपनीला ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुप्रीम कोर्टानं नंतर वसुलीच्या कारवाईला स्थगिती दिली. कंपनीचं म्हणणं होतं की भारतात तेव्हा लागू असलेले बीएस-४ नियम आम्ही मोडलेले नाहीत आणि रस्त्यावरच्या तपासणीसाठी तर इथे नियमच ठरलेला नाही.

इथे खरी मेख आहे. आपले भारत स्टेज नियम युरोपच्या नियमांवरून घेतलेले. युरोपात लॅबमधली तपासणी हाच आधार होता, त्यामुळे आपल्याकडेही तोच. नियमासोबत त्यातली फटही आयात झाली. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीची तपासणी भारतात सक्तीची झाली ती १ एप्रिल २०२३ पासून, बीएस-६ च्या दुसऱ्या टप्प्यात.

आता या गोष्टीत 'ग्लोबल दृष्टिकोन' नेमका कुठे होता? भारतातून दोघं अमेरिकेला गेले, यात नव्हता. दरवर्षी हजारो जण जातात. तो होता एका साध्या प्रश्नात: हीच वस्तू दुसऱ्या देशात, दुसऱ्या नियमाखाली, दुसऱ्या रस्त्यावर कशी वागते? हा प्रश्न विचारायला व्हिसा लागत नाही. त्याचं उत्तर काढायला मात्र यंत्रं, पैसा आणि पाठीशी उभी राहणारी लॅब लागते. ती त्या वेळी अमेरिकेत होती, हेही तेवढंच खरं.

या कथेला आणखी एक शेवट आहे. हेमंत कप्पन्ना पुढे अमेरिकेतल्या एका मोठ्या वाहन कंपनीत लागले. २०१९ च्या नोकरकपातीत त्यांची नोकरी गेली. वर्क व्हिसावर असलेल्या माणसाला नोकरी गेल्यावर दुसरी शोधायला ६० दिवस मिळतात. त्यांना त्या मुदतीत नोकरी मिळाली नाही आणि १७ वर्षांनी ते भारतात परतले. जगातला एक सगळ्यात मोठा औद्योगिक घोटाळा उघड करण्यात हात असलेल्या इंजिनिअरचा दृष्टिकोन त्या दिवशी कमी झाला नव्हता. फक्त व्हिसा संपला होता.

डिग्रीच्या मागे एक आंतरराष्ट्रीय करार असतो, पण सगळ्यांच्या नाही

आता येऊ अशा गोष्टीकडे, जी इंजिनिअरिंगच्या बहुतेक विद्यार्थ्यांना चौथ्या वर्षापर्यंत कोणी सांगत नाही.

१९८९ मध्ये अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या सहा देशांच्या संस्थांनी 'वॉशिंग्टन अकॉर्ड' नावाचा करार केला. एकमेकांच्या इंजिनिअरिंग पदव्या साधारण समकक्ष मानायच्या, असा त्याचा अर्थ. जून २०१४ मध्ये भारत नॅशनल बोर्ड ऑफ अक्रेडिटेशन, म्हणजे एनबीएच्या माध्यमातून, त्याचा कायम सदस्य झाला.

पण इथे एक बारीक अक्षरातली अट आहे. एनबीएचं मूल्यांकन दोन स्तरांवर होतं. टिअर-१ मध्ये स्वायत्त कॉलेजं आणि विद्यापीठं येतात, टिअर-२ मध्ये विद्यापीठांना संलग्न असलेली साधी कॉलेजं. वॉशिंग्टन अकॉर्डची मान्यता फक्त टिअर-१ च्या मूल्यांकित अभ्यासक्रमांना मिळते. तीही संपूर्ण कॉलेजला नसते, त्या त्या शाखेला असते आणि ठरावीक मुदतीपुरती असते.

म्हणजे 'आमचं कॉलेज एनबीए मान्यताप्राप्त' हा बोर्ड पाहून पुढचे तीन प्रश्न विचारायला हवेत. कोणत्या टिअरमध्ये? कोणती शाखा? कोणत्या वर्षापर्यंत? प्रवेशाच्या रांगेत कट-ऑफ आणि पॅकेजची चौकशी सगळे करतात, ही चौकशी फार थोडे करतात. परदेशात इंजिनिअर म्हणून व्यावसायिक नोंदणी करायची वेळ आली की तिचा फरक कळतो. अर्थात हा करार नोकरी देत नाही की व्हिसा देत नाही. पदवी समकक्ष आहे, एवढंच तो सांगतो.

याच करारानं इंजिनिअरला काय काय यायला हवं, याची एक यादीही ठरवली आहे. त्यात गणित आणि डिझाइनच्या जोडीला नीतिमत्ता, टीमवर्क, संवाद आणि 'इंजिनिअर आणि जग' असा एक स्वतंत्र मुद्दा आहे. आपलं काम समाजावर, आरोग्यावर, पर्यावरणावर, कायद्यावर काय परिणाम करतं, हे ओळखता येणं. भारतातल्या मूल्यांकित कॉलेजांत प्रत्येक विषयाची सांगड या यादीशी घालावी लागते. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी हे काम प्राध्यापकांनी कोर्स फाइलमध्ये १, २, ३ असे आकडे भरण्यापुरतं उरतं. ज्याच्यासाठी ही यादी केली, त्या विद्यार्थ्याला ती फाइल दिसतच नाही.

पुण्याच्या पोरांचा एक किलोचा उपग्रह

पण हे आपल्याकडे जमत नाही, असं अजिबात नाही.

२००८ च्या सुमारास पुण्याच्या सीओईपीमधल्या पोरांनी एक उपग्रह बनवायचं ठरवलं. नाव 'स्वयम्'. वजन जेमतेम ९९० ग्रॅम, तांदळाच्या एक किलोच्या पिशवीएवढं. पैसा कमी, जागा कमी, वीज कमी. अवकाशात उपग्रहाचं तोंड योग्य दिशेला ठेवायला मोठे उपग्रह मोटर आणि इंधन वापरतात. या पोरांनी चुंबकावर काम भागवलं. होकायंत्राची सुई जशी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रानुसार वळते, तसा उपग्रहच वळेल अशी रचना केली. २२ जून २०१६ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ नं तो अवकाशात नेला.

या प्रकल्पावर सुमारे आठ वर्षांत दीडशेहून जास्त विद्यार्थ्यांनी काम केलं. म्हणजे पहिल्या बॅचमधले कितीतरी जण उड्डाणाच्या आधीच पास होऊन गेले होते. आपण सुरू केलेलं काम भलत्याच कोणाच्या हातून पूर्ण होणार, म्हणून ते नीट लिहून ठेवायचं, ही शिस्त त्यांना कॉलेजच्या कोणत्याही पेपरनं शिकवली नसती.

आणि यातला ग्लोबल भाग? स्वयम् हा जगभरातल्या हॅम रेडिओवाल्यांसाठी होता. एका ठिकाणाहून पाठवलेला संदेश साठवून दुसरीकडे पोचवायचा, असं त्याचं काम. उपग्रह काही मिनिटांत एका देशावरून दुसऱ्या देशावर जातो. त्याची रेडिओ फ्रिक्वेन्सी सीमा मानत नाही. म्हणून हौशी रेडिओच्या पट्ट्यात बोलणाऱ्या उपग्रहांच्या फ्रिक्वेन्सीचं समन्वयन आंतरराष्ट्रीय पातळीवर करावं लागतं. शिवाजीनगरच्या कॅम्पसमध्ये बसून पोरांना जगाच्या नियमांशी गाठ घालावी लागली. पासपोर्ट न काढता.

मग आज कोणते रस्ते उघडे आहेत?

पहिला रस्ता जर्मनीचा. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात तिथे ४९ हजारांहून जास्त भारतीय विद्यार्थी होते. परदेशी विद्यार्थ्यांमध्ये भारतीयांचा नंबर पहिला. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. मात्र 'जर्मनीत शिक्षण फुकट' हे अर्धसत्य आहे. खर्चासाठी वर्षाचे ११,९०४ युरो आधी बँकेत अडकवून ठेवावे लागतात, बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो फी आहे आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही फी सुरू केली आहे. एपीएस प्रमाणपत्र सक्तीचं आहे. आणि नोकरी हवी असेल तर जर्मन भाषेला पर्याय नाही.

दुसरा रस्ता थोड्या काळासाठी जाऊन परत येण्याचा. जर्मनीची 'डाड-वाइज' शिष्यवृत्ती आणि कॅनडाची 'मायटॅक्स ग्लोबलिंक' या योजनांतून पदवीच्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात तिकडच्या प्राध्यापकाकडे संशोधनाचं काम करता येतं. स्पर्धा तगडी असते, पण एमएससारखं कर्ज काढावं लागत नाही.

तिसरा रस्ता म्हणजे परदेशी विद्यापीठच इथे येणं. २०२३ मध्ये यूजीसीनं त्यासाठी नियम केले. जून २०२५ मध्ये मुंबईत यॉर्क, ॲबरडीन, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीची आयईडी या पाच संस्थांना इरादापत्रं देण्यात आली. नवी मुंबईत विमानतळाजवळ 'एज्युसिटी' उभी करायची राज्य सरकारची योजना आहे. पण पदवी परदेशी असली म्हणजे वर्गही परदेशी असतो असं नाही. चाळीस देशांतली मुलं एका बाकावर बसणं आणि पनवेल-ठाण्याची मुलं परदेशी अभ्यासक्रम शिकणं, यात फरक आहे. फी भरण्याआधी शिक्षक कोण, सत्र तिकडे करता येतं का, हे विचारलेलं बरं.

चौथा रस्ता नोकरीचा. परदेशी कंपन्या आता नुसतं बॅक ऑफिसचं काम भारतात पाठवत नाहीत, डिझाइन आणि संशोधनही पाठवतात. अशा केंद्रांना जीसीसी म्हणतात. २०२४ च्या आकडेवारीनुसार देशात १,७०० हून जास्त जीसीसी आहेत आणि त्यात सुमारे १९ लाख लोक काम करतात. पुणे हे त्यातलं एक मोठं ठिकाण. हिंजवडीत बसलेला इंजिनिअर अशा गाडीचं सॉफ्टवेअर लिहितो, जी स्वीडनच्या बर्फात चालणार आहे. त्यानं बर्फ पाहिलेला नसतो. उणे तीस तापमानात बॅटरीचं काय होतं, हे त्याला विचारून, वाचून, तपासूनच कळणार असतं. इथे ग्लोबल दृष्टिकोन ही शोभेची गोष्ट राहत नाही. तो नसेल तर गाडी चालू होत नाही.

आणि पाचवा रस्ता मोबाइल हातात असलेल्या प्रत्येकासाठी आहे. एनपीटीईएलचे व्याख्यानं फुकट आहेत. ओपन सोर्स प्रकल्पात कोणीही सहभागी होऊ शकतं. गूगलचा 'समर ऑफ कोड' २००५ पासून चालू आहे आणि त्यात भारतीय मुलं मोठ्या संख्येनं असतात. तिथे ब्राझीलचा माणूस तुमचा कोड वाचतो आणि 'हे असं का लिहिलंस' असं सगळ्यांसमोर विचारतो. उत्तर द्यावं लागतं, लिहून, नीट. व्हायव्हाची तयारी यापेक्षा चांगली कुठे होणार?

नुसतं कॉम्प्युटरवाल्यांचंच नाही

असं वाटू शकतं की हे सगळं आयटीपुरतं आहे. पण १ जानेवारी २०२६ पासून युरोपचा सीबीएएम, म्हणजे सीमेवरचा कार्बन कर, प्रत्यक्ष लागू झाला. लोखंड, पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत यांसारखा माल युरोपात जाताना तो बनवताना किती कार्बन बाहेर पडला, याचा हिशोब आता पैशात होणार. म्हणजे मेटलर्जी शिकणाऱ्या विद्यार्थिनीला भट्टीचं तापमान जेवढं माहीत हवं, तेवढाच ब्रुसेल्सचा नियमही माहीत हवा. कारण कारखान्याची ऑर्डर दोन्हींवर ठरणार आहे.

सगळ्यांना सारखीच संधी आहे का?

नाही. आणि हे स्पष्टपणे म्हणायला हवं.

संलग्न कॉलेजमधल्या मुलाच्या पदवीला वॉशिंग्टन अकॉर्डची मान्यता नाही. लॅबमधलं यंत्र वर्षभर 'आउट ऑफ ऑर्डर' असेल तर तुलना कशाशी करणार? आधी परदेशात शिकून आलेले प्राध्यापक, माजी विद्यार्थ्यांचं जाळं, उन्हाळी इंटर्नशिपसाठी शिफारसपत्र देणारा माणूस, हे सगळं काही मोजक्या कॉलेजांत एकवटलं आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, पण तिच्या जागा मोजक्याच आहेत.

भाषेचाही प्रश्न आहे. २०२१ मध्ये एआयसीटीईनं मराठीसह काही भारतीय भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली. मराठीत शिकलं म्हणजे जगापासून तुटलं, ही भीती लगेच बोलून दाखवली गेली. पण जपानी आणि जर्मन इंजिनिअर स्वतःच्या भाषेतच शिकतात आणि त्यांच्या गाड्या जगभर धावतात. अडचण भाषेत शिकण्याची नाही. त्या भाषेत मानकं, संदर्भग्रंथ आणि अपघातांचे चौकशी अहवाल उपलब्ध असण्याची आहे. ते झालं नाही तर मराठीतला इंजिनिअर फक्त पाठ्यपुस्तकावर अडकून पडेल.

आणि परदेशी जाण्याचं मोल कमी नाही, हेही खरं. वेगळ्या देशात राहून माणूस जे शिकतो, त्याला पर्याय नाही. प्रश्न एवढाच आहे की तोच एकमेव रस्ता मानून लाखो मुलांना 'तुमचं काही राहिलं' असं वाटायला लावायचं का.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टपासून सुरुवात

महाराष्ट्रातल्या प्रत्येक इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट असतो. ठिबक सिंचनाचं स्वयंचलित यंत्र घ्या. दरवर्षी कितीतरी गट ते करतात, बरेचदा मागच्या बॅचचा रिपोर्ट समोर ठेवून.

त्याच प्रोजेक्टमध्ये तीन पानं वाढवता येतात. आधुनिक ठिबक सिंचन ज्या इस्रायलमध्ये वाढलं, तिथे पाण्याचा हिशोब कसा होतो? केनियातल्या छोट्या शेतकऱ्याला हे यंत्र परवडेल का? आणि सांगोल्यात वीज रात्री येते, तेव्हा सेन्सरचं काय होणार? शेवटच्या प्रश्नासाठी तर एसटीनं जाऊन शेतकऱ्याशी बोलावं लागेल.

ही तीन पानं लिहिणारा गट कदाचित कधीच अमेरिकेला जाणार नाही. किंवा जाईलही. पण विश्वेश्वरय्यांनी जपान पाहून खडकवासल्याचे दरवाजे केले आणि तीन पोरांनी युरोपचा प्रश्न अमेरिकेच्या रस्त्यावर तपासला, तेव्हा जे केलं होतं, तेच या गटानं केलेलं असेल. त्याची फी १ लाख डॉलर नाही. फक्त प्रोजेक्टच्या गाइडनं 'हे कशाला हवंय, सिलॅबसमध्ये नाहीये' असं म्हणायला नको.